ट्रकच्या पोटात पिकवलेलं मीठ

मी ट्रकच्या रेडिएटरमध्ये मिठागरातलं पाणी घातलं. एकदा नाही, आठ दिवस, सकाळ-दुपार, आणि तेही गाळून. गाळायला जुन्या लुगड्याचा एक तुकडा मी मुद्दाम धुऊन ठेवला होता. नव्याने बसवलेल्या इंजिनाच्या पोटात काडीकचरा जायला नको, ही माझी काळजी. एवढी काळजी मी नवऱ्याच्या चहाची कधी घेतली नाही.

तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. म्हणजे लहान होते, कळत नव्हतं, असं म्हणून सुटायची सोय नाही. तीन मुलांची आई होते. सासरी मिठागर होतं. खारं पाणी उन्हात राहिलं की पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं, हे एवढं एकच शास्त्र पंधरा वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. तरीही. आज घरात कोणी गाडीचं बॉनेट उघडलं की सुना म्हणतात, "आई, तुम्ही जरा आत बसा." मी बसते. त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी आज लिहून टाकते. तिच्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा हात आहे आणि माझं तोंड आहे, जे बारा महिने चालतं आणि नेमकं त्या वेळी चाललं नाही.

माझं माहेर करंजाचं. वडिलांची मासेमारीची बोट होती आणि मी सात-आठ वर्षांची असताना तिच्यात इंजिन आलं. बोट धक्क्याला लागली की वडील इंजिन पुसत बसायचे आणि मला शेजारी बसवायचे. मी हुशार होते म्हणून नव्हे. मोकळी सोडली की मी सुकत घातलेल्या मासळीवरून धावायचे, म्हणून. पण लग्न होऊन सासरी आल्यावर मी त्याचा अर्थ असा लावला की आपण इंजिनात वाढलेली बाई आहोत. सासर पनवेल खाडीच्या काठचं, सगळे मिठातले आणि भातातले. यंत्राबद्दल कोणी बोलायला नाही, त्यामुळे मला रान मोकळं. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला तरी मी कमरेवर हात ठेवून उभी राहायचे आणि म्हणायचे, "आमच्या बोटीवर असं झालं की बाबा काय करायचे, माहीत हाय?" बाबा काय करायचे ते मलाही माहीत नसायचं. पण मी आठवायचं नाटक करेपर्यंत गिरणीवाला पट्टा चढवून मोकळा व्हायचा, आणि श्रेय थोडं तरी माझ्या पदरात पडायचं.

आमच्या ह्यांनी लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावातून एक ट्रक आणला होता. हिरवा, नाकाड, पुढच्या काचेचे दोन तुकडे आणि मधे पट्टी. दारावर कुठल्या तरी तुकडीचा आकडा अर्धवट खरवडलेला. गावात त्याला ट्रक कोणी म्हणालंच नाही, सगळे 'मिलिटरी' म्हणायचे. दिवसा मिलिटरीतून मिठाच्या गोणी जायच्या आणि लग्नसराईत गोणींच्या जागी वऱ्हाड बसायचं. वऱ्हाड मिलिटरीतून उतरलं की मुलीकडचे सुरुवातीला जरा दबकूनच वागायचे. ह्यांचा त्या गाडीवर फार जीव. माणूस तसा अबोल, पण चालकाच्या शेजारी त्या कडक बाकावर बसला की मान अशी ताठ व्हायची, जसं काही सीमेवरच निघालाय. निघालेला असायचा पनवेलच्या बाजाराला.

ही मिलिटरी पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. शेवटी एका सकाळी तिने दोन-तीनदा खोकल्यासारखं केलं आणि मान टाकली. मीठ काढायचे दिवस होते, वाफ्यांच्या कडेने पांढरे ढीग वाढत चालले होते, आणि न्यायला गाडी नाही. ह्यांनी कुठून तरी एका मोडलेल्या ट्रकचं डिझेल इंजिन मिळवलं. इंजिन चांगलं होतं, पण ते मिलिटरीत बसेना. म्हणजे बसवायला कोणी हातच लावेना. कळंबोलीच्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "सेठ, भंगारात काढा." इंजिनाचे पाय वेगळे, गिअरबॉक्सचं तोंड वेगळं, लांबी वेगळी. दुसऱ्याचा पाय आपल्या चपलेत घालण्यातला प्रकार.

पनवेलला मात्र एक मिस्त्री होते. जुन्या रस्त्याला त्यांचं गॅरेज. एके काळी आजूबाजूच्या गावांतल्या जेवढ्या म्हणून मिलिटरी गाड्या होत्या, त्यांच्यात पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं काम त्यांच्याच हातून झालेलं. आता पासष्टी ओलांडलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याची नजर अधू. गॅरेज मुलगा बघायचा, आणि मुलाचं म्हणणं एकच, "अब्बा, आता बसा." हे त्यांना आणायला गेले तेव्हा मुलाने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. मिस्त्री मात्र दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन एसटीने आमच्या गावात उतरले.

मी चहा दिला तेव्हा ते ह्यांच्याशी बोलत होते. मी दाराआड उभी राहून ऐकलं, कारण दाराआड उभं राहायला मला आवडायचं.

"पोराबरोबर ठरलंय माझं," ते म्हणाले. "हे एक बसवतो. मिलिटरी नीट चालली, तर आणखी दोन वर्षं गॅरेजात मी हाय, त्यानं बोलायचं नाय. नाय चालली, तर मी हत्याराला हात लावणार नाय. खुर्ची टाकून घरापुढं बसेन."

"चालेल हो मिस्त्री, का नाय चालणार?" हे म्हणाले.

"चालवणार तुमी. मी बसवणार," मिस्त्री म्हणाले आणि चहा संपवून उठले.

नऊ दिवस काम चाललं. मिठागराच्या बांधाजवळ वडाचं झाड होतं, त्याच्या जाड फांदीला साखळीची पुली बांधली. जुनं इंजिन वर आलं, हवेत लोंबकळलं, तेल ठिबकत राहिलं. आमचा चालक आणि दोन मजूर साखळी ओढायचे आणि मिस्त्री खाली उभे राहून हात लावून इंजिन झुलू देत नव्हते, जणू पाळणा धरलाय. नवं इंजिन खाली उतरवलं तर चार बोटं लांब. पंखा रेडिएटरला घासणार. मग रेडिएटर पुढे सरकवला, पट्ट्या कापल्या, वेल्डिंगवाला बोलावला. गिअरबॉक्स जोडायला मधे बसवायची जाड चकती त्यांनी पनवेलहून करून आणली. माप घ्यायला त्यांच्याजवळ पट्टी होती, पण ती पेटीतच असायची. ते बोटांनी मोजायचे, सुतळीने मोजायचे. नट आवळताना डोळे मिटायचे.

"डोळे मिटून कसं काय करता तुमी?" मी विचारलं.

"उघडे ठेवले की नुसतं धुकट दिसतं, भाभी. मग हाताला पण वाटतं आपल्याला दिसत नाय. मिटले की बरं असतं."

मी रोज तिथे असायचे. कामाला नव्हे, सल्ला द्यायला. आमच्या बोटीवर इंजिनाखाली लाकूड असायचं, तुम्ही का नाही घालत. आमच्या बोटीवर बाबा ऑइल हाताला लावून वास घ्यायचे, तुम्ही वास का नाही घेत. मिस्त्री प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणायचे, "भाभी, ही बोट नाय." नऊ दिवसांत त्यांनी हे वाक्य मला कमीत कमी वीस वेळा सांगितलं असेल. पुढे मला वाटायचं, देवाने त्या माणसाच्या तोंडून वीस वेळा निरोप पाठवला आणि मी वीसही वेळा तो दुसऱ्याच्या पत्त्यावरचा समजून परत केला.

इंजिन सुरू झालं तेव्हा आधी काळा धूर आला, मग धूर फिकट झाला. मिस्त्रींनी इंजिनाच्या माथ्यावर पंजा टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी हात काढला, फडक्याला पुसला आणि म्हणाले, "बसलं."

जाताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. रेडिएटर जुन्या इंजिनाचा, लहान आहे. महिनाभर गाडी गरम राहील, मग इंजिन रुळेल. तोवर दिवसातून दोनदा पाणी बघायचं, कमी झालं तर भरायचं. चालकाकडे त्यांनी पाहिलं. चालक त्या वेळी जांभई देत होता. मी पुढे झाले. "मी बघते पाण्याचं. इंजिनाला पाणी किती लागतं ते आमाला करंजाकरांना शिकवायला नको."

"भाभीवर सोडतो मग," मिस्त्री म्हणाले आणि पेटी उचलून एसटीच्या थांब्याकडे गेले.

पहिले दोन दिवस मी गोडं पाणी घातलं. पण वैशाखाचे दिवस. गावातल्या नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. मिठागरावर प्यायला घरून दोन पिंपं जायची, आणि दहा-बारा माणसं दिवसभर उन्हात मिठात उभी. त्यांच्या पाण्यातून मी रेडिएटरला बादली भरू लागले तेव्हा एक म्हातारी कामकरीण म्हणाली, "वयनी, मिलिटरीला पाजलंव, आता आमाला काय पाजताव?" मला लाजल्यासारखं झालं. आणि लाज वाटली की माझं डोकं फार वेगात चालतं, हा माझा जुना आजार.

माझं डोकं असं चाललं. बाबांच्या बोटीचं इंजिन समुद्राचं पाणी ओढायचं. एका नळीतून खारं पाणी आत जायचं आणि इंजिन थंड राहायचं. जन्मभर खाऱ्यावर चाललं, कधी कुरकुरलं नाही. मग इथे मी माणसांच्या तोंडचं गोडं पाणी कशाला घालवते आहे? खाडीला त्या वेळी ओहोटी, नुसता चिखल. पण ट्रकपासून वीस पावलांवर मिठाचा वाफा तुडुंब होता. पाणी दाट, जरासं गुलाबी झालेलं, दोन-तीन दिवसांत मीठ धरणारं. मी बादली बुडवली, फडक्याने गाळलं आणि घातलं. चालक सावलीत झोपलेला. माझी हुशारी पाहायला कोणी जागं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

मिलिटरी चालली. रोज दोन खेपा भरभरून. ढीग उतरत गेले. ह्यांची मान परत ताठ झाली. रेडिएटर दिवसेंदिवस जास्त पाणी मागायला लागला आणि मी कौतुकाने म्हणायचे, "पितेय बघा कशी." झाकणाच्या कडेला पांढरी रेघ धरायची, ती मी पदराने पुसायचे. माझी आजी असती तर तिने पदर झटकला असता आणि म्हणाली असती, बाई, हे काय लागलंय बघ तरी.

आठ दिवसांनी, भर दुपारी, हे चालत घरी आले. चप्पल न काढता ओट्यावर बसले. खाडीपुलाच्या चढावर इंजिनातून ठोका ऐकू आला, वाफ निघाली आणि गाडी भरल्या मिठासकट जागच्या जागी थांबली. फिरवायला गेले तर इंजिन फिरेना, आतून आवळून बसलेलं. दुसऱ्या ट्रकला दोर बांधून गाडी ओढून आणून वडाखाली उभी केली होती. हे पाणी प्यायले आणि मिस्त्रींना आणायला पनवेलला गेले.

मी वडाखाली गेले. इंजिन निवलं होतं. मी झाकण काढलं. आत तोंडाशी पांढरा थर होता, बोटाने खरवडला तर कुरकुरीत. मी बोट जिभेला लावलं.

मीठ. चांगल्या प्रतीचं, बारीक दाण्याचं. बाजारात त्याला कोणी नाव ठेवलं नसतं.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं, आणि इतकं सोपं दिसलं की तिथेच बसकण मारावीशी वाटली. बोटीच्या इंजिनात समुद्राचं पाणी एका बाजूने यायचं आणि दुसऱ्या बाजूने समुद्रात जायचं. लहानपणी मी तीच धार हातावर घेत बसायचे, कोमट लागायची म्हणून. ते पाणी आत मुक्कामाला राहत नव्हतं. ट्रकचं पाणी आतल्या आत फिरतं, तापतं, वाफ होऊन उडतं. आणि मी वरून परत वाफ्यातलं पाणी सोडत होते. सासऱ्यांनी वाफ्यात जे केलं, नवऱ्याने केलं, तेच मी ट्रकच्या पोटात केलं. आठ दिवस मीठ पिकवलं.

पुढे जे केलं ते मात्र डोकं चालून केलं असंही म्हणता येणार नाही. हात चालले. खालचा नळ फिरवून मी आतलं पाणी सोडून दिलं. मग प्यायच्या पाण्याची दोन्ही पिंपं, होय, दोन्ही, बादली-बादलीने त्या रेडिएटरमध्ये ओतली आणि खालून सोडली, ओतली आणि सोडली, तोंडाशी खरवडून पुसून घेतलं. जे पाणी वाचवायला मी एवढा शहाणपणा केला, ते सगळं शहाणपणा झाकायला गेलं. म्हातारी कामकरीण पाणी प्यायला आली तेव्हा मी सांगितलं, पिंप कलंडलं. दोन पिंपं एकदम कशी कलंडतात, हे तिने विचारलं नाही, ही तिची मेहेरबानी.

मिस्त्री आले. बरोबर हत्यारांची पेटी. त्यांनी पंखा हाताने ढकलून पाहिला, पट्टा दाबून पाहिला, खाली वाकून ऑइल पाहिलं. रेडिएटरचं झाकण काढून बोट घातलं. आत गोडं, स्वच्छ पाणी, काठोकाठ. त्यांनी ते बोट बघितलं, म्हणजे डोळ्यांजवळ नेलं, आणि मग फडक्याला पुसलं.

"इंजिनाचं हेड खोलून बघतो," ते म्हणाले. "दोन दिवस द्या मला. कुठं चुकलं ते कळलं पायजे."

हे रागाने बोलत नाहीत, हळू बोलतात. त्या दिवशी इतके हळू बोलले की मला दोनदा ऐकावं लागलं. "मिस्त्री, दोन दिवसांत माझं मीठ पडून राहतंय. तुमाला दिसत नाय तर तसं सांगायचं होतं. मी दुसरीकडं गेलो असतो."

"दिसत नाय हे तर मी सांगितलेलंच तुमाला."

"मग हात लावायचा नव्हता."

मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण परत घट्ट बसवलं. मी चहाचे दोन पेले घेऊन त्यांच्यात उभी होते. आता सांग, आता सांग, असं आतून कोणी तरी ढोसत होतं, आणि तोंड उघडलं की शब्दाच्या जागी नुसता वारा जात होता. मी बोटवाल्याची पोर, इंजिनात वाढलेली. एवढ्या लोकांसमोर.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "भाभी, पाणी घालायच्या ना तुमी? सकाळ-दुपार?"

"हो," मी म्हणाले.

"एक दिवस पण चुकला नाय?"

"नाय."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यांतली एकही या खऱ्याइतकी वाईट नव्हती.

"मग माझाच हात चुकला," ते म्हणाले. त्यांनी चहा घेतला नाही. पेटी उचलून ते एसटीच्या थांब्याकडे निघाले. त्या दिवशी गाडी उशिरा होती आणि थांबा आमच्या ओट्यावरून दिसायचा. पाऊण तास तो माणूस उन्हात पेटीवर बसून होता, स्वतःचा उजवा पंजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा. मी ओट्यावर उभी होते. मधे काही नव्हतं, नुसता रस्ता. तो मला ओलांडता आला नाही.

मिलिटरी कळंबोलीला ओढत नेली. भंगारात काढा म्हणणाऱ्यांनीच आता तसंच तिसरं इंजिन बसवलं, कारण बसवायचे पाय, चकती, सरकवलेला रेडिएटर, सगळं मिस्त्रींनी आधीच करून ठेवलेलं होतं. त्यांच्या कष्टावर दुसऱ्याने एका दिवसात इंजिन ठेवलं आणि आवळून बसलेलं न उघडताच भंगारवाल्याकडे गेलं. तिथला कारागीर म्हणाला, रेडिएटर आतून पार बुजलाय, खार बसलाय. हे म्हणाले, "आमच्याकडं भिंतींना खार बसतो, त्याला काय." घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

आणि गावागावांत झालं की मिस्त्रींचा हात गेला. कोणी वाईट बुद्धीने बोललं नाही. हळहळत बोलले, ते जास्त वाईट. मिस्त्रींनी मुलाला दिलेला शब्द पाळला. गॅरेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, त्याच्या दारात खुर्ची आली.

बाजाराला जायचा माझा रस्ता त्याच गल्लीतून. वाटेत दुसऱ्या दोन गल्ल्या होत्या, पण माझे पाय तिथूनच जायचे. ते आवाजावरून ओळखायचे.

"भाभी, मिलिटरी कशी हाय?"

"बरी हाय, मिस्त्री."

"गरम होत नाय ना?"

"नाय."

"पाणी बघता ना रोज?"

"बघते."

दर वेळी एवढंच. दर वेळी मी ठरवून जायचे आणि दर वेळी पिशवीतल्या भाजीकडे बघत पुढे निघायचे. एकदा ते म्हणाले, "मी रोज मनातल्या मनात ते इंजिन परत बसवतो. एकेक नट आवळत जातो. चुकलेला सापडत नाय." मी घरी येऊन त्या दिवशी जेवले नाही. ह्यांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं, सगळं, बादल्यांसकट. मला वाटलं होतं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी त्याला बघू पण दिलं नाय." मग म्हणाले, "तू सांगून ये. मी आलो तर तो मलाच समजवत बसेल."

सहा महिने झाले होते तेव्हा. सकाळी मी गेले. मिस्त्री खुर्चीत, हातात तसबीहची माळ, पायांवर ऊन. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याने सांगितलं, बसले असते तर परत उठून पळाले असते म्हणून. "मिस्त्री, ते इंजिन तुमच्या हातानं नाय गेलं. मी त्यात मिठाच्या वाफ्यातलं पाणी घालत होते. तुमी आलात त्याच्या आधी मी ते धुऊन टाकलं."

त्यांचा हात मण्यांवर थांबला.

"खाडीचं, की पिकायला आलेलं?" त्यांनी विचारलं.

"पिकायला आलेलं."

"किती दिवस?"

"आठ."

"खेपा?"

"रोज दोन. भरून."

ते बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होते. मनातून मला त्या हव्याच होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी घाबरले, मग कळलं की ते हसत आहेत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सोळा खेपा," ते म्हणाले, "पिकत्या पाण्यावर. खाडीपुलापर्यंत. म्हणजे चांगलंच बसवलेलं की मी."

आतून सून चहा घेऊन आली, त्यांच्या हातात नीट धरवून गेली. मी म्हणाले, चला, आत्ता गॅरेजात जाऊ, तुमच्या पोराला मी माझ्या तोंडाने सांगते, गावात सांगते, ज्याला म्हणाल त्याला सांगते. दोन वर्षं ठरली होती ना तुमची, ती मागून घेऊ. मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. गॅरेजच्या बाजूने हातोडीचा आवाज येत होता, तिकडे त्यांनी थोडा वेळ कान दिला. मग कप मांडीवर टेकवून ते म्हणाले, "तुमी सांगाल भाभी, आणि तो ऐकेल पण. पण सहा महिने झाले. मी घरी हाय म्हणून सून बेफिकीर माहेरी जाऊन येते. पोरगा गॅरेजात माझ्याकडं न बघता काम करायला शिकला. घरवाली म्हणते, चाळीस वर्षांत पयल्यांदा तुमच्या नखांचा रंग दिसला. मी बसलेलो सगळ्यांना आवडाय लागलोय. आता उठू कसा, ते तुमीच सांगा."